शांतांक सत्त्याण्णव

यंत्राच्या पडद्यावर सत्त्याण्णव हा आकडा उमटला तेव्हा डॉ. वैजयंता जाधवने आधी यंत्र बंद केलं. सुई मांसातून काढली, द्रावात बुडवून स्वच्छ पुसली, यंत्र पुन्हा सुरू केलं आणि डुकराच्या मांडीच्या त्याच तुकड्यात बोटभर अंतर सोडून सुई परत खुपसली. पुन्हा सत्त्याण्णव. तिने दुसरा तुकडा घेतला, तिसरा घेतला. शहाण्णव, सत्त्याण्णव. त्याच वराहगृहातून आलेले बाराही नमुने तपासून झाले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि तिचा जेवणाचा डबा तसाच पडला होता.

सोलापूरच्या मांसगुणवत्ता प्रयोगशाळेत ती बावीस वर्षं काम करत होती. या बावीस वर्षांत अठ्ठ्याऐंशीच्या वरचा शांतांक तिने पाहिला नव्हता. आणि शांतांक म्हणजे काय हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तो तिनेच शोधला होता.

शोध तसा साधा होता. डुकराच्या स्नायूंत साखरेचा साठा असतो. मरणाआधी डुक्कर घाबरलं, धडपडलं, तर ती साखर भराभर जळते, अंग अजून गरम असतानाच मांसात आम्ल तयार होतं आणि मांस फिकं, ढिलं, पाणचट पडतं. अशा मांसाचं हॅम, म्हणजे खारवलेली मांडी, करायला जावं तर निम्मं पाणी खारवतानाच गळून जातं. याउलट डुक्कर दिवसेंदिवस त्रासात असेल तर साखर आधीच संपलेली असते. मग मांस काळपट, कोरडं, चिकट होतं आणि लवकर नासतं. जे डुक्कर निवांत जगलं आणि न भिता मेलं, त्याचंच मांस गुलाबीसर, घट्ट, पाणी धरून ठेवणारं निघतं. वैजयंताने या दोन्ही भीतींच्या खुणा, आणखी अकरा रसायनांसह, एका सुईने मोजायची रीत बसवली आणि त्या सगळ्याचा शंभरपैकी एक आकडा काढला. तोच शांतांक.

त्यावरून पुढे कायदा झाला. जनावराला कसं ठेवलं हे मालकाने सांगायची गरज नाही, तपासनीसाने पाहायचीही गरज नाही. मांस स्वतःच साक्ष देईल. शांतांक पंचाहत्तरच्या वर असेल त्यालाच मांस विकता येईल. आणि हा उंबरठा दर तीन वर्षांनी राज्यातल्या सर्वोत्तम दहा वराहगृहांना पाहून वाढवायचा, म्हणजे सगळ्यांना सुधारत राहावं लागेल, हे कलमही तिनेच घातलं होतं.

कायदा आल्यावर पिंजऱ्यातली डुकरं बंद झाली. जिथे मादीला वळायलाही जागा नसायची त्या कारखान्यांचे शांतांक चाळीस-पन्नासच्या पुढे जात नव्हते. टिकली ती माळावर, मोकळ्यावर डुकरं राखणारी माणसं. तिचा धाकटा भाऊ लहू त्यांतलाच. जाधवांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या डुकरं होती आणि त्यापायी गावाने त्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर ठेवलं होतं. करमाळ्याजवळच्या माळावर लहूची साठ-पासष्ट डुकरं बाभळीच्या शेंगा खात, चिखलात लोळत, नाकाने जमीन उकरत वाढायची. फिरता कत्तलखाना माळावरच यायचा. त्यांच्या मांसाचा शांतांक कायम चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी. ज्या दिवशी त्याला राज्याचं प्रमाणपत्र मिळालं, त्या दिवशी ते हातात घेऊन तो बराच वेळ बसून राहिला होता. मग म्हणाला होता, "अक्का, आपली डुकरं चांगली हायती असं सरकारनं लिहून दिलंय बघ."

आता समोर सत्त्याण्णव होता. आणि तो आला होता टेंभुर्णीजवळच्या नव्या इमारतीतून, जिला सगळे नुसतं 'अकरा मजली' म्हणत. अकरा मजले, चोवीस हजार डुकरं, एकाच छपराखाली. कायद्याने त्याला मनाई नव्हती. कायदा फक्त मांसाला विचारत होता.

"औषध देत असणार," मांसगुणवत्ता मंडळाचे अध्यक्ष दळवी फोनवर म्हणाले. दळवी मूळचे पशुवैद्य, सरळ माणूस, पण तीस वर्षं कचेरीत काढल्यामुळे कागदावर दिसेल तेवढंच धरून चालणारे.

"औषध नाही. सगळी तपासून पाहिली."

"मग नमुने बदलले असतील."

"जाऊन बघू या," वैजयंता म्हणाली.

*

अकरा मजलीचा मुख्य शास्त्रज्ञ दारातच उभा होता. डॉ. मिहीर शेटे. एके काळी वैजयंताकडेच पीएच.डी. केलेला, तिच्या हाताखाली घडलेल्या मुलांपैकी सर्वांत हुशार. त्याने वाकून नमस्कार केला आणि लपवण्यासारखं काहीच नसल्यासारखा तिला आणि दळवींना थेट चौथ्या मजल्यावर घेऊन गेला.

वैजयंताला आधी काय खटकलं हे तिलाच कळेना. जमीन स्वच्छ होती. हवा गार. वास जवळजवळ नाहीच. एकेका कप्प्यात वीस वीस डुकरं, अंगावर एकही जखम नाही, शेपट्या शाबूत. पुरेशी जागा. मग तिच्या लक्षात आलं. आवाज नव्हता. दोन हजार डुकरांच्या मजल्यावर पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. अनोळखी माणसं आत आली तरी एकानेही मान वर केली नाही. ती कठड्यावरून वाकली, हात पुढे केला. डुक्कर म्हटलं की नाक आधी पुढे येतं, हुंगतं, चाटतं, चावून पाहतं. तिचा हात एका डुकराच्या नाकाजवळ दोन मिनिटं होता. ते समोर बघत राहिलं.

"काय केलंस तू यांना?" तिने विचारलं.

"आम्ही याला समत्व संगोपन म्हणतो, मॅडम." शेटेच्या आवाजात ना अभिमान होता ना संकोच. "पिल्लू आईपासून तोडलं की एकवीस दिवसांचा एक टप्पा असतो. त्यात अधूनमधून कानाशी गार हवेचा झोत येतो. कधी दिवा जातो. कधी खाता खाता गव्हाण बंद होते. इजा कशानेच होत नाही, यातली प्रत्येक गोष्ट नियमात बसते. फक्त दोन अटी आहेत. ते कधी होणार याचा काही नेम नाही. आणि पिल्लाने काहीही केलं तरी त्यात फरक पडत नाही. पळालं, ओरडलं, निजलं, दुसऱ्याच्या आड लपलं, काही उपयोग नाही."

"आणि मग?"

"सुरुवातीला धडपडतात. बाराव्या दिवसापर्यंत बहुतेक थांबतात. एकविसाव्या दिवशी झोत सोडला तरी कान हलत नाही. त्यानंतर आम्ही झोत कायमचा बंद करतो. पुढचे पाच महिने उत्तम खाणं, उत्तम हवा, औषधपाणी. पण शरीराने धडा घेतलेला असतो. घाबरून काही होत नाही म्हटल्यावर ते घाबरणं सोडून देतं. भीतीची संप्रेरकं दिवसभर एका सपाट रेषेत. कत्तलीच्या रांगेतही तीच रेषा. साखर जागच्या जागी. आणि हालचाल नसल्यामुळे मांसात चरबीची इतकी बारीक जाळी धरते की आमचं हॅम चव-परीक्षक मंडळाने यंदा पहिलं काढलं. मोकळ्या डुकराचं मांस त्यांना उग्र वाटलं, थोडं चिवट."

"हे सुख नाही, मिहीर. यांनी हाय खाल्लीय."

"असेल." शेटे म्हणाला. "पण तुमची सुई या दोहोंत फरक करत नाही. मीही खूप शोधला, मॅडम. एकही रसायन वेगळं नाही. जो प्राणी घाबरतच नाही, त्याला दुःख आहे हे कशावरून म्हणायचं? तुम्हीच शिकवलं होतंत, की जे मोजता येत नाही त्यावर नियम बांधायचा नाही."

तळमजल्यावर त्याने त्यांना आणखी एक गोष्ट दाखवली. कप्प्याला लागून एक अंगण होतं. ऊन, माती, हिरवं गवत, पाण्याचा डबरा. शेटेने मधलं दार पूर्ण उघडलं. उन्हाचा पट्टा आतल्या डुकरांच्या पायांपर्यंत आला. एकही हललं नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. दाराला अगदी खेटून असलेल्या मादीच्या डोळ्यांवर ऊन येत होतं. तिने डोळे मिटून घेतले आणि तशीच उभी राहिली.

वैजयंताला वाटलं, आता दळवींना कळेल. यापेक्षा स्पष्ट काय असणार?

दळवी कौतुकाने मान हलवत होते. "कमाल आहे! दार सताड उघडं, तरी जावंसं वाटत नाही. म्हणजे आतच बरं वाटतंय त्यांना."

*

उंबरठा वाढवायचं वर्ष तेच होतं. अकरा मजलीच्या पाठोपाठ इतरांनीही ती रीत उचलली; सर्वोत्तम दहांपैकी सहा जागा आता समत्व संगोपन करणाऱ्या इमारतींनी घेतल्या होत्या. मंडळाच्या बैठकीत नवा आकडा मांडला गेला, नव्वद. राज्यात माळावर डुकरं राखणाऱ्या कोणाचाही शांतांक नव्वद नव्हता. होणारही नव्हता. मोकळं डुक्कर कितीही सुखात वाढलं, तरी शेवटच्या घटकेला अनोळखी माणूस दिसला, सोबत्यांपासून वेगळं काढलं, की त्याला काहीतरी कळतंच आणि थोडी साखर जळतेच.

वैजयंताने आठ महिन्यांची मुदत मागून घेतली. ही डुकरं सुखी नाहीत, तिने मंडळाला सांगितलं, त्यांच्यातलं काहीतरी मोडलंय आणि मी ते सिद्ध करून दाखवते. तिचा तर्क सरळ होता. मोडलेली गोष्ट असेल तर ती जुळवता येईल. जुळली की फरक दिसेल.

नऊ डुकरं तिला शेटेनेच दिली. तीन महिन्यांची, धडा पुरा झालेली. गाडीत चढवताना तो म्हणाला, "मलाही उत्तर हवंय, मॅडम." तो खरं बोलत होता असं तिला वाटलं.

लहूने ती गाडीतून उतरवली. उतरवली म्हणजे अक्षरशः उचलून खाली ठेवली. ठेवली तिथे ती उभी राहिली. तासाभराने ऊन चढलं, तरी दहा पावलांवरच्या बाभळीच्या सावलीत एकही गेलं नाही. लहूने बादलीने पाणी आणून त्यांच्या अंगावर ओतलं.

"अक्का, ही डुकरं न्हवं," तो हळूच म्हणाला. "ही पोती हायती. कुनी मारलंय का यांना?"

"नाही. कोणी हात लावला नाही."

"मग?"

तिने सांगितलं. लहूने सगळं ऐकून घेतलं. त्याच्या तोंडावर रागबीग काही दिसला नाही. तो नुसता उठला आणि एकेकाला ढकलत, रेटत सावलीत नेऊन ठेवू लागला. पुढचे कितीतरी दिवस त्याने तेच केलं. सकाळी उन्हात, दुपारी सावलीत, संध्याकाळी गोठ्यात. चारा नाकाला लावायचा, मग ती खायची. वैजयंता दर शनिवारी यायची आणि वहीत लिहायची: बदल नाही. बदल नाही.

पाचव्या आठवड्यात लहूचा फोन आला. त्याच्याकडे एक म्हातारी डुकरीण होती, सगळे तिला मावशी म्हणत. मावशी या नऊ जणांत घुसायची, त्यांना ढुशा द्यायची, त्यांच्या पायांखालची जमीन उकरायची. त्या दिवशी तिने उकरलेल्या जागी एक कंद निघाला, आणि नवांपैकी कानावर काळा ठिपका असलेल्या एकाने मान खाली घालून तो हुंगला.

"खाल्ला का?" वैजयंताने विचारलं.

"न्हाई. हुंगला. पर सोताहून हुंगला, अक्का!"

त्यानंतर तीन दिवसांनी ठिपक्याने स्वतःचं नाक जमिनीत घातलं. आठवड्याभरात आणखी दोघांनी. तिसऱ्या महिन्यात आठजणं चिखलात लोळत होती, मावशीच्या मागे मागे फिरत होती, लहूच्या पायाशी अंग घासत होती. ठिपक्या तर काठी तोंडात धरून माळभर पळायचा आणि बाकीची त्याच्या मागे ओरडत सुटायची. नववं मात्र होतं तिथेच राहिलं. त्याला मावशीच्या ढुशा, चिखल, कंद, कशाचंच काही वाटलं नाही. लहू त्याला शेवटपर्यंत उचलून सावलीत ठेवत होता.

शेटे एकदाच पाहायला आला. बांधावर उभा राहून त्याने ठिपक्याचं पळणं पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. लहूने चहा आणून दिला, तो त्याच्या हातातच निवला. जाताना तो वैजयंताला म्हणाला, "चाचणी तर करावी लागेल."

"माहीत आहे."

"म्हणजे ही…"

"माहीत आहे, मिहीर."

शांतांक मारलेल्या जनावराच्या मांसातच मोजता येतो. तिने जन्मभर केलेल्या कामाची ही अट होती आणि यापूर्वी ती तिला कधी टोचली नव्हती.

फिरता कत्तलखाना आला त्या सकाळी लहू माळावर नव्हता; आदल्या दिवशीच वैजयंताला सांगून तो तालुक्याला निघून गेला होता. ठिपक्याला सर्वांत आधी नेलं. गाडीच्या फळीवर पाय ठेवताच तो थबकला. मागे वळून त्याने कळपाकडे पाहिलं आणि मग तो जो ओरडला, तसं ओरडणं वैजयंताने या कामात कधी ऐकलं नव्हतं. लहूची डुकरंसुद्धा इतकी घाबरत नसत. ती जन्मापासून जगाला सरावलेली होती. या आठजणांना जग मिळून चारच महिने झाले होते, आणि ते हातचं जातंय हे त्यांना जसं कळलं तसं कोणालाच कळलं नसेल. आठही तशीच गेली. नववं फळीवर ठेवलं तसं आत गेलं, आवाज न करता.

दुसऱ्या दिवशी तिने आकडे घेतले. आठांचे शांतांक एकसष्ट ते अडुसष्ट. मांस फिकं, ताटात पाणी सुटलेलं. नवव्याचा शहाण्णव. गुलाबी, घट्ट, देखणं मांस.

वैजयंताने आकडे वहीत उतरवले. पुरावा हाती आला होता. इतका स्वच्छ पुरावा तिला आयुष्यात कधी मिळाला नव्हता. तीच पैदास, तोच धडा, तोच माळ, तोच खुराक. जी जागी झाली ती भ्यायली. जे जागं झालंच नाही ते भ्यायलं नाही. म्हणजे अकरा मजलीचा शांतांक ही शांती नव्हतीच.

*

मंडळापुढे ती चाळीस मिनिटं बोलली. ठिपक्याच्या पळण्याची चित्रफीत दाखवली, नवव्याचीही दाखवली. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले. शेवटी म्हणाली, "ज्याच्याकडे गमावण्यासारखं काही असतं, त्यालाच भीती वाटते. ही आठ डुकरं घाबरली कारण ती जगायला लागली होती. शांतांक आता मोजमाप म्हणून चालणार नाही. तो मीच आणला आणि तो रद्द करा असं मीच सांगतेय."

दळवींनी चष्मा काढून पुसला. त्यांचा चेहरा खरंच कष्टी झाला होता.

"डॉ. जाधव, त्या चित्रफितीत शेवटी ते डुक्कर ओरडतं ना, तो आवाज मला सहन झाला नाही. प्रामाणिकपणे सांगतो. आणि तुमच्याच अहवालात लिहिलंय की हीच जनावरं अकरा मजलीत राहिली असती तर शहाण्णव-सत्त्याण्णवने गेली असती, निमूट. मोकळ्या माळावर चार महिने ठेवल्यावर ती एकसष्टवर आली."

"हो, पण त्याचा अर्थ…"

"कायद्याचं पहिलं कलम तुमच्याच शब्दांत आहे. 'भय हाच दुःखाचा पुरावा मानला जाईल.' तुम्ही प्रयोग करून दाखवलंत की मोकळ्या संगोपनाने जनावरात भय निर्माण होतं. ज्यांच्यात ते नव्हतं, त्यांच्यातसुद्धा." ते अडखळले. "तुम्ही त्यांना भ्यायला शिकवलंत. यापुढे कळून सवरून आम्ही आणखी जनावरांना तसं भ्यायला कसं लावू?"

वैजयंताने शेटेकडे पाहिलं. तो टेबलाच्या टोकाला बसला होता. दळवींनी त्याला विचारलं, अहवालातल्या आकड्यांबद्दल काही शंका आहे का?

"आकडे बरोबर आहेत," शेटे म्हणाला.

"आणखी काही सांगायचंय?"

त्याने तोंड उघडलं. खिडकीबाहेर बघितलं. "नाही," म्हणाला.

महिन्याभराने आदेश निघाला. उंबरठा नव्वद. शिवाय एक नवं कलम: खुल्या जागेत डुकरं वाढवणं हे यापुढे प्राण्यांना क्रूरतेने वागवणं समजलं जाईल. असलेले कळप साठ दिवसांत मान्यताप्राप्त कत्तलखान्याकडे सोपवावेत. आदेशाला जोडलेल्या पुराव्यात पहिलं नाव डॉ. वैजयंता जाधव यांच्या अहवालाचं होतं.

*

माळावर गाड्या आल्या त्या सकाळी दहाच्या सुमारास. चार माणसं जाळी घेऊन उतरली. अनोळखी माणसं पाहताच त्रेसष्ट डुकरं माळभर पांगली, चिलारीच्या काटेरी झुडपांत शिरली. तासभर माणसं धावली आणि एकही हाती लागलं नाही. मग त्यांचा मुकादम घाम पुसत लहूकडे आला.

"दादा, तुम्हीच बोलवा. नाहीतर गुंगीची बंदूक आणावी लागेल. आम्हाला बी त्यांचे हाल करायचे नाहीत."

वैजयंता शेजारीच होती. "बोलावू नको, लहू," ती म्हणाली. "धावू देत त्यांना. धावतील तेवढं धावू देत."

"कुठवर धावतील गं?" लहू म्हणाला. "माळ केवढा हाय?"

डुकरांना किती जागा लागते यावर ती आयुष्यभर तज्ज्ञ म्हणून बोलली होती.

"बंदुकीनं पाडतील, पाय धरून वढतील. आरडतील बिचारी." त्याने डोक्याचं फडकं सोडलं, पुन्हा बांधलं. "त्येच्यापरीस मी हाय तवर माझ्यासंगं जाऊ देत."

आजवर कत्तलीच्या दिवशी तो कधी माळावर थांबला नव्हता. त्याला ते बघवत नसे. त्या दिवशी तो गाडीच्या फळीपाशी जाऊन उभा राहिला आणि त्याने हाक दिली. आधी मावशी आली, हलत डुलत. मग तिच्यामागे झुडपांतून एकेक. काही पळत आली, काहींच्या तोंडाला ओली माती होती. त्याने प्रत्येकाच्या पाठीवरून हात फिरवला आणि स्वतः पुढे होऊन फळी चढला. ती त्याच्या मागोमाग चढली. गाडीतही तो त्यांच्यातच बसला. कत्तलखान्यात पोचल्यावर अखेरच्या दारापर्यंत तो एकेकाबरोबर चालत गेला, त्रेसष्ट वेळा. तिथल्या माणसांनी त्याला अडवलं नाही.

नमुने प्रयोगशाळेत आले तेव्हा वैजयंताने ते दुसऱ्या कोणाकडे दिले नाहीत. मांस लालसर होतं, घट्ट. सुई आत गेली तेव्हा पाण्याचा थेंब आला नाही. पडद्यावरचा आकडा पाहून ती खुर्चीत बसली. मग उठून उरलेले नमुने तपासले. त्रेसष्टांची सरासरी काढली, दुसऱ्यांदा काढली.

लहूचा फोन दुपारी आला.

"झालं का?"

"झालं."

"भ्याली का गं?"

खोटं सांगावं असं तिच्या मनात येऊन गेलं, पण कोणतं खोटं कमी जिव्हारी लागेल हे तिला कळेना.

"नाही," ती म्हणाली. "एक्क्याण्णव."

माळावरचा वारा फोनमध्ये घुसत होता, बाकी कसलाच आवाज नव्हता.

"म्हंजी पास," लहू म्हणाला.

"हो. पास."

"इतकी वर्सं कधी नव्वद आलं न्हवतं."

"नव्हतं."

"मी संगं होतो म्हणून." लहू म्हणाला. "माझ्यावर इस्वास ठेवून गेली, अक्का."

तिने फोन कानाला तसाच धरून ठेवला. यंत्र पुढच्या नमुन्याची वाट पाहत होतं. अकरा मजलीतून बारा पेट्या आल्या होत्या आणि त्या आजच तपासायच्या होत्या.